कोयना प्रकल्प : पाणी, वीज आणि अनिर्णित प्रश्न

कोयना नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून पुढे जाऊन कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर आहे, आणि पश्चिमेला घाटमाथ्याची एक अरुंद भिंत ओलांडली की कोकणची जमीन एकदम खाली कोसळते. पावसाळ्यात या खोऱ्यात सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भरपूर पाणी आणि त्याच्या शेजारीच सरळ खाली उतरणारा कडा एवढ्या जवळ सापडणारी ठिकाणे देशात थोडी आहेत. कोयना जलविद्युत प्रकल्पाचा इतिहास आणि त्याच्याभोवतीचे जवळपास सगळे वाद या भूगोलातून निघाले आहेत. निसर्गाने पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे पाठवलेले पाणी माणसाने पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळवले, आणि ते कुठे, केव्हा आणि कोणासाठी सोडायचे हा प्रश्न सत्तर वर्षांनंतरही पूर्ण सुटलेला नाही.

पूर्वपीठिका

घाटमाथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडायचे आणि वाटेत वीज काढायची, हा प्रयोग पश्चिम महाराष्ट्रात टाटांनी प्रथम यशस्वी केला. लोणावळ्याजवळच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, आंध्रा खोऱ्यातील पाण्यावरचे भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल गाड्या या विजेवर चालल्या. मुळशीत १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो धरणग्रस्तांच्या संघटित लढ्यांतील अगदी आरंभीचा लढा मानला जातो. पुढे कोयनेबाबत जे प्रश्न उभे राहिले, त्यांतले निम्मे मुळशीतच विचारून झाले होते.

कोयनेच्या खोऱ्याची पाहणीही विसाव्या शतकाच्या आरंभीच झाली होती. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत खाजगी भांडवलाला एवढा मोठा प्रकल्प झेपणारा नव्हता, आणि तो बाजूला पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने तो हाती घेतला. बांधकामाचा आरंभ १९५४ मध्ये झाला. १९५९ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले. मुंबई राज्याच्या काळात सुरू झालेले काम महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दोन वर्षांनी फळाला आले. पोफळी येथील पहिले जनित्र मे १९६२ मध्ये चालू झाले. नव्या राज्याच्या औद्योगिक वाढीचा आधार म्हणून कोयनेकडे पाहिले गेले आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. साठच्या दशकात राज्य वीज मंडळाच्या पुरवठ्याचा फार मोठा भाग एकट्या पोफळीतून येत असे.

धरण आणि वीजगृहे

पाटण तालुक्यात हेळवाकजवळ देशमुखवाडी येथे बांधलेले धरण १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब आहे. ते दगडी रबल आणि काँक्रीट एकत्र वापरून बांधलेले गुरुत्व धरण आहे, म्हणजे पाण्याचा रेटा ते स्वतःच्या वजनावर पेलते. सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे आहेत. मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाची मूळ क्षमता ९८.७८ टीएमसी होती. दरवाजांची उंची पाच फुटांनी वाढवल्यावर ती १०५.२५ टीएमसी झाली. पाणलोट क्षेत्र ८९२ चौरस किलोमीटर आहे. जलाशयाच्या आकाराच्या मानाने ते लहान म्हणावे लागेल. एवढ्याशा खोऱ्यातून एवढे मोठे धरण भरते, ही करामत पावसाची आहे.

वीज मात्र धरणापाशी फारशी तयार होत नाही. नवजा येथे जलाशयातून पाणी उचलले जाते, सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या अधिजल भुयारातून ते घाटमाथ्याच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते आणि उल्लोळ विहिरीपाशी पोचते. यंत्रे अचानक बंद झाली तर भुयारातून धावत आलेल्या पाण्याचा जो तडाखा बसेल, तो झेलण्यासाठी ही विहीर असते. तिथून पोलादी अस्तराच्या कलत्या बोगद्यांमधून पाणी साधारण ४७५ मीटर खाली उतरते आणि डोंगराच्या आत खोदलेल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील टर्बाइनांवर आदळते. पहिल्या टप्प्यात चार आणि दुसऱ्यात चार अशा आठ जनित्रांची क्षमता आरंभी ५६० मेगावॅट होती. दुरुस्त्यांनंतर ती ६०० मेगावॅट झाली. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी इथे पेल्टन जातीची चाके वापरली आहेत: अरुंद तोंडातून सुटलेली पाण्याची धार चाकाच्या वाट्यांवर बसते आणि चाक फिरते.

पोफळीतून बाहेर पडलेले पाणी तेव्हा थेट वाशिष्ठीला मिळत होते. त्याच्यात अजून शंभरएक मीटरची उतरंड शिल्लक होती. ती वाया जाऊ नये म्हणून खाली कोळकेवाडी धरण बांधून तिसरा टप्पा उभारला गेला. चार जनित्रांचे हे ३२० मेगावॅटचे वीजगृह १९७५ ते १९७८ या काळात पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॅटचे छोटे वीजगृह १९८०-८१ मध्ये आले. पूर्वेला सिंचनासाठी सोडायचे पाणी त्यातूनच जाते.

चौथा टप्पा सगळ्यांत मोठा आहे: प्रत्येकी २५० मेगावॅटची चार जनित्रे, म्हणजे आधीच्या सगळ्या टप्प्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. त्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळातून नवे भुयार काढायचे होते, आणि जलाशय रिकामा करणे परवडणारे नव्हते. नॉर्वेत रुळलेली लेक टॅपिंगची पद्धत इथे वापरली गेली. भुयार खालून खोदत तलावाच्या तळापर्यंत न्यायचे, शेवटचा खडकाचा गच्च तुकडा तसाच ठेवायचा आणि मग तो सुरुंगाने उडवून पाणी आत घ्यायचे. १३ मार्च १९९९ रोजी हा स्फोट यशस्वी झाला. आशियातील हा पहिलाच प्रयोग होता. जलाशय खाली गेल्यावरही तळाकडच्या पाण्यापर्यंत पोचता यावे म्हणून २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरे लेक टॅपिंग करण्यात आले. आज सर्व टप्पे मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. धरण जलसंपदा विभागाकडे आहे, वीजगृहे महानिर्मिती कंपनी चालवते आणि जनित्र केव्हा चालू करायचे याचा आदेश राज्य भारप्रेषण केंद्राकडून येतो.

पाण्याचा हिशेब

कोयनेचे चलनवलन एका आकड्याभोवती फिरते : ६७.५ टीएमसी. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापुढे म्हैसूर आणि आंध्र प्रदेश या खालच्या राज्यांनी पाणी खोऱ्याबाहेर नेण्याला हरकत घेतली होती. लवादाने डिसेंबर १९७३ मध्ये निर्णय दिला आणि मे १९७६ मध्ये पुढचा अहवाल. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. पश्चिमेकडे वळवणे लवादाने बंद केले नाही, पण त्याला मर्यादा घातली. कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी पश्चिमेला सोडता येत नाही, आणि टाटांच्या तलावांतून एका वर्षात ५४.५ व सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त वळवता येत नाही.

हिशेबाचे हे वर्ष १ जूनला सुरू होते; प्रकल्पावर त्याला ‘तांत्रिक वर्ष’ म्हणतात. धरण भरलेले असो वा नसो, तांत्रिक वर्ष संपण्याआधी पश्चिमेचा कोटा संपत आला की पोफळीची चाके मोजून-मापून फिरवावी लागतात. विजेची मागणी वाढते तेही नेमके याच महिन्यांत. त्यामुळे मार्च ते मे या काळात कोयनेतले पाणी किती आणि कोटा किती उरला, हे दोन आकडे बातम्यांत सतत येत राहतात.

एका टीएमसीतून किती वीज मिळते हे गणित सोपे आहे आणि पुढच्या सगळ्या चर्चेला उपयोगी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. ते ४७५ मीटर उतरले आणि यंत्रांची कार्यक्षमता ८८ टक्क्यांच्या आसपास धरली, तर तीन कोटींहून थोडी जास्त युनिटे मिळतात. कोळकेवाडीतली भर धरून एकूण चार कोटींच्या जवळ. तेच एक टीएमसी पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला सोडले, तर पन्नास लाखांच्या आसपास युनिटे मिळतात. म्हणजे दिशा बदलली की वीज आठपटीने घटते.

पूर्ण कोट्यातून वर्षाला पावणेतीनशे कोटींच्या आसपास युनिटे निघतात. १,९६० मेगावॅटची यंत्रे वर्षभर अखंड चालली असती तर हा आकडा सतराशे कोटींच्या वर गेला असता. एवढी यंत्रे बसवून ती सहाव्या हिश्श्याइतकीच चालवण्यात गैर काहीच नाही. चौथा टप्पा त्याच हेतूने बांधला गेला. कोळशाचा संच थंड असेल तर चालू व्हायला तास लागतात, कोयनेचे जनित्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलते. सकाळ-संध्याकाळची चढती मागणी भागवणे, एखादा औष्णिक संच अचानक बंद पडला तर खड्डा भरून काढणे, ग्रिडची वारंवारता सांभाळणे ही कोयनेची खरी कामे आहेत. तिची किंमत केवळ युनिटांत मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

पूर्वेचे पाणी की पश्चिमेचे

सध्याच्या वादांतला सर्वांत जिव्हाळ्याचा वाद इथे आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हे तालुके कृष्णा आणि भीमा खोऱ्यांच्या पर्जन्यछायेत आहेत. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी उचलून या भागात नेतात, आणि उन्हाळ्यात कृष्णेत जे पाणी असते त्यात कोयनेच्या पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या २,१०० क्युसेकपर्यंतच्या विसर्गाचा मोठा वाटा असतो. पाऊस कमी झालेल्या २०२३-२४ सारख्या वर्षी कोयनेतून किती पाणी सोडायचे यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांत राजकीय ताण निर्माण झाला होता.

दुष्काळी भागाची बाजू अशी : पश्चिमेकडे वळवलेले पाणी शेवटी समुद्राला मिळते, तर त्याच खोऱ्यातील माणसे टँकरवर जगतात. १९५० च्या दशकात वीज मिळवण्याचे दुसरे सोपे साधन नव्हते. आज कोळसा, वारा आणि सूर्य आहे. विजेला पर्याय सापडतो, पाण्याला सापडत नाही. म्हणून टाटांचे तलाव आणि कोयना या दोन्हींचे पश्चिमेकडचे पाणी टप्प्याटप्प्याने कमी करून ते मूळ खोऱ्यात द्यावे. २०१६ च्या दुष्काळात मुळशीच्या पाण्याबाबत ही मागणी ठळकपणे पुढे आली.

वीज क्षेत्राची बाजू आकड्यांवर उभी आहे. एक टीएमसी पूर्वेला वळवले की साडेतीन कोटी युनिटांचा तोटा होतो. शिवाय ते पाणी दुष्काळी पठारावर आपोआप चढत नाही. दोनशे मीटर उचलायचे झाले तर एका टीएमसीला दोन कोटींच्या आसपास युनिटे लागतात. म्हणजे हातची वीज गेली आणि वर नवी वीज खर्च झाली. शिवाय जाते ती संध्याकाळच्या गरजेची, चटकन मिळणारी वीज. तिच्या जागी दुपारची सौरवीज आपोआप बसत नाही.

कोकणचा आवाज या वादात उशिरा आला, पण आता तो दुर्लक्षिता येत नाही. कोळकेवाडीतून बाहेर पडणाऱ्या अवजलामुळे वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते. चिपळूण शहर, नदीकाठची गावे, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत हे सगळे या पाण्याला सरावले आहेत. ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग तिथे पटत नाही. उलट हे अवजल कोकणातच सिंचनासाठी वापरावे अशी मागणी आहे. तर ते नळाने किंवा बोगद्याने मुंबईपर्यंत न्यावे असाही प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. अंतर आणि खर्च यांमुळे तो कागदावरून पुढे सरकलेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने स्थिती अशी की पश्चिमेला जाणारे पाणी महाराष्ट्राच्याच वाट्यात मोजले जाते. राज्याने ते आपल्या हद्दीत पूर्वेला वापरायचे ठरवले, तर लवादाची पश्चिमेची मर्यादा मोडत नाही. मात्र असे पाणी मोकळे झाले की खालची राज्ये त्यावर हक्क सांगणार नाहीत, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या लवादाने डिसेंबर २०१० मध्ये निर्णय आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुढचा अहवाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयातील दाव्यांमुळे तो राजपत्रात प्रसिद्ध होऊन अमलात आलेला नाही. दरम्यान तेलंगण हे नवे राज्य झाले आणि वाटपाचा प्रश्न आणखी गुंतला. तोवर १९७० च्या दशकातला आकडाच कायदा आहे.

पूर

जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या तीन पुरांनी कोयनेच्या चलनवलनावर नवा प्रश्नसंच लादला. वीज आणि सिंचनासाठी धरण पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरलेले हवे. पुरासाठी ते ऐन पावसात काही प्रमाणात रिकामे हवे. कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत साठवायचे हे ठरवणारी जलाशय परिचालन सूची या दोन गरजांमधला समझोता असते. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडला काही तासांत आणि सांगलीला त्यानंतर साधारण दिवसभराने पोचते. म्हणून निर्णय पूर दिसण्याआधी, अंदाजावर घ्यावा लागतो. अंदाज चुकला आणि पाऊस थांबला, तर सोडलेले पाणी परत येत नाही.

२०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडाली, ही लोकांमध्ये पक्की रुजलेली समजूत समितीने मान्य केली नाही. असाधारण पाऊस आणि नदीपात्रातील अडथळे व अतिक्रमणे यांवर तिने भर दिला. सांगली-कोल्हापुरातील कृती समित्या आणि काही अभियंते हा निष्कर्ष अजूनही मानत नाहीत. अलमट्टीची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह कायम असल्याने हा वाद शमण्याची चिन्हे नाहीत.

पुराचे पाणी पश्चिमेला का सोडत नाहीत, हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला जातो. त्याची उत्तरे दोन आहेत. सर्व जनित्रे पूर्ण क्षमतेने चालली तरी भुयारांतून चौदा हजार क्युसेकच्या आसपासच पाणी जाते, आणि मोठ्या पुरात सांडव्यावरून त्याच्या कितीतरी पट पाणी येते. दुसरे म्हणजे घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस बहुधा दोन्ही उतारांवर एकाच वेळी कोसळतो. २२ जुलै २०२१ च्या रात्री कोयना खोऱ्यात अतिवृष्टी होत असताना चिपळूण पाण्याखाली होते. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याने पूर वाढला असा चिपळूणकरांचा आक्षेप होता. प्रशासनाने मुख्य दोष वाशिष्ठीच्या खोऱ्यातील अतिवृष्टी, भरती आणि गाळाने भरलेले पात्र यांना दिला. त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचे काम झाले. कोळकेवाडीचा साठा जेमतेम सव्वा टीएमसी आहे. वरची वीजगृहे पूर्ण चालली तर तो दिवसभरात भरेल, त्यामुळे तिथे पूर अडवून ठेवण्याची सोय नाही. म्हणजे अतिवृष्टीच्या रात्री पोफळी किती चालवायची, हा ग्रिडइतकाच चिपळूणचाही प्रश्न आहे.

भूकंप

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता ६.३ होती; जुन्या नोंदींत ती ६.५ दिली जाते. मृतांची संख्या पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान सांगितली जाते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात, मागील उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. धरणातल्या उपकरणाने नोंदवलेले कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पटींहून जास्त होते. आराखड्यात धरलेला सहगुणक ०.०५ होता. काँक्रीटच्या मोठ्या धरणाला बसलेल्या जबर धक्क्याची ही दुर्मीळ नोंद असल्याने जगभरचे अभियंते आजही आपली गणिती प्रारूपे कोयनेवर तपासतात. भेगा भरून, केबलांनी ताण देऊन आणि मागून भक्कम टेकू बांधून धरण मजबूत केले गेले. २००० नंतरच्या दशकात सांडव्याचा भागही जाड करण्यात आला. दख्खनचे पठार भूकंपमुक्त आहे या समजुतीवर आधारलेला देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलावा लागला, आणि १९७० च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला.

भूकंपाला धरण कारणीभूत होते का, यावर तेव्हा तीव्र मतभेद होते. एका मताने दख्खनच्या कवचात जुने भ्रंश आहेत, भूकंप केव्हातरी होणारच होता, आणि जलाशयाचे वजन पृथ्वीच्या कवचाच्या हिशेबात नगण्य आहे. दुसऱ्या मताने १९६२ मध्ये पाणी भरू लागताच परिसरात लहान धक्के सुरू झाले होते, हा योगायोग नव्हता. चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्टा (१९६६) येथेही जलाशय भरल्यानंतर सहाच्या वरचे भूकंप झाले होते; या चौघांत कोयनेचा सर्वांत मोठा. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी १९७६ मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ पुढच्या अभ्यासाचा पाया ठरला. पुढे १९८५ पासून दक्षिणेकडच्या वारणा जलाशयात पाणी भरू लागले आणि १९९३-९४ मध्ये धक्क्यांचा पट्टा तिकडे सरकला, तेव्हा संशयाला जागा उरली नाही.

आज शास्त्रज्ञांमध्ये बहुमत असे आहे की जलाशय भूकंपाचा ताण निर्माण करत नाही. खडकात आधीच साठलेला आणि सुटण्याच्या बेतात असलेला ताण तो लवकर सोडवतो. त्यात वजनापेक्षा भेगांमधून खोल झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाचा वाटा मोठा. हा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर आवळून धरणारे बळ कमी करतो. पावसाळ्यात जलाशय भरताना आणि नंतर उतरताना धक्के वाढतात, हे दशकानुदशके दिसते.

यापुढचे मात्र उघडे प्रश्न आहेत. साठ वर्षांनंतरही धक्के का थांबत नाहीत? इतर बहुतेक जलाशयांत ते काही वर्षांत ओसरले. कोयना-वारणा परिसरात मात्र सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा छोट्या पट्ट्यात ते अजून चालू आहेत आणि पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. खोली बहुधा दहा किलोमीटरच्या आत असते. ही मर्यादित जागा आणि उथळपणा यांमुळेच भूकंप जवळून अभ्यासण्यासाठी कोयनेइतके सोयीचे ठिकाण नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ यासाठी प्रयोगशाळा उभारली. दीड किलोमीटरच्या आसपास खोलीची अनेक छिद्रे आणि २०१७ मध्ये पूर्ण झालेले तीन किलोमीटरचे एक छिद्र यांतून कळले की बेसाल्टचा थर एक ते सव्वा किलोमीटर जाड आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट जातीचा प्राचीन खडक लागतो. मध्ये गाळाचा खडक नाही. पाणी किती खोल आणि किती वेगाने उतरते हे त्यावरून अजमावता येते. १९६७ एवढा मोठा धक्का पुन्हा बसेल का, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते इतक्या वर्षांत बराच ताण सुटून गेला आहे. इतरांच्या मते उरलेला ताण किती याचे थेट मोजमाप झाल्याशिवाय असे म्हणणे घाईचे आहे.

विस्थापित

शिवसागरच्या पाण्याखाली आणि काठावर शंभराच्या आसपास गावांना प्रकल्पाची झळ बसली. लोक सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा १९७६ चा. त्याची सुधारित रूपे १९८६ आणि १९९९ ची. कोयनेचे विस्थापन त्याआधीचे असल्याने या कायद्यांचे संरक्षण त्याला मिळाले नाही.

एक अडचण प्रकल्पाच्या स्वरूपातच होती. सिंचन धरणाच्या विस्थापितांना लाभक्षेत्रातली जमीन देता येते; वीज प्रकल्पाला असे लाभक्षेत्र नसते. लाभ तारांमधून मुंबई-पुण्याला गेला, तिथे शेतजमीन मागणे निरर्थक होते. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयना धरणग्रस्तांनी दीर्घ आंदोलने केली, त्यांतले २०१८ मधले कोयनानगरचे ठिय्या आंदोलन विशेष गाजले. पर्यायी जमीन आणि नोकऱ्यांच्या मागण्या शासनाने तत्त्वतः मान्य केल्या. पण पात्र कुटुंबांची यादी ठरवणे हेच साठ वर्षांनंतर अवघड झाले आहे. जुनी कागदपत्रे अपुरी आहेत आणि वारसांची तिसरी पिढी उभी आहे.

जे काठावरच राहिले त्यांच्यावर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांची बंधने आली. काही वस्त्यांना दुसऱ्यांदा हलावे लागले. अभयारण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की याच बंधनांमुळे पाणलोटातले जंगल टिकले आणि जलाशयात गाळ कमी आला. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि म्हणूनच तडजोड सोपी नाही.

साठवणुकीचा नवा विचार

सौरवीज वाढल्यापासून कोयनेच्या विजेचा अर्थ बदलतो आहे. दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळताच तुटवडा, अशा ग्रिडला काही तास टिकणारी साठवण लागते. उदंचन प्रकल्प म्हणजे दोन पातळ्यांवरचे दोन जलाशय : स्वस्त वीज असताना पाणी वर चढवायचे, गरजेला खाली सोडायचे. वर चढवायला लागणाऱ्या विजेपैकी साधारण पाऊण ते चार पंचमांश परत मिळते. महाराष्ट्रात भिरा येथील १५० मेगावॅटचा संच आणि २००८ मध्ये सुरू झालेला घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प हे याचे चालू नमुने आहेत. राज्याने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचे धोरण जाहीर केले आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अनेक खाजगी प्रस्ताव पुढे आले.

समर्थकांच्या मते उदंचनात तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने पूर्व-पश्चिमचा वाद टळतो. शंका घेणारे पश्चिम घाटातील जंगल, नवे बोगदे आणि रस्ते यांकडे बोट दाखवतात. कोयनेचे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा यादीत असल्याने त्या भागात परवानग्याही सोप्या नाहीत. कोयनेपुरता आणखी एक तांत्रिक प्रश्न आहे. कोळकेवाडीसारख्या खालच्या जलाशयातून पाणी पुन्हा शिवसागरात चढवले, तर ६७.५ टीएमसीच्या हिशेबात ते कसे मोजायचे? लवादाने निर्णय दिला तेव्हा पाणी एकाच दिशेने जाणार, हे गृहीत होते.

या नव्या प्रस्तावांच्या तुलनेत लहान असा ८० मेगावॅटचा डाव्या तीरावरचा धरण पायथा प्रकल्प कोयनेवर खूप आधीच सुरू झाला होता. पूर्वेला सोडायच्या पाण्यातून जास्त वीज मिळवणे आणि उदंचनाची सोय करणे हे त्याचे उद्दिष्ट. वाढत गेलेला खर्च आणि सुधारित मान्यता यांच्या फेऱ्यात तो वर्षानुवर्षे रखडला. तो पूर्ण झाला तर पायथ्याची क्षमता ४० वरून १२० मेगावॅट होईल आणि एका आवर्तनात पूर्वेला सोडता येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादाही त्या प्रमाणात वाढेल.